दूध संकलन केंद्रांच्या नोंदींवर सही : एकच किल्ली की त्रेचाळीस?

खानापूरकर

नमस्कार. खानापूर तालुक्यातील काही गावांच्या दूध संकलन केंद्रांसाठी मी आणि माझा भाचा मिळून एक वेब अ‍ॅप्लिकेशन चालवतो. केंद्रे त्रेचाळीस आहेत. प्रत्येक केंद्रावर एक टॅबलेट असतो आणि त्यावर क्रोममध्ये आमचे पान उघडलेले असते. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घालून जातात, सेक्रेटरी लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक) भरतात आणि नोंद आमच्या सर्व्हरकडे येते. दर दहा दिवसांचे बिल याच नोंदींवरून निघते, त्यामुळे नोंद नेमकी कोणत्या केंद्राने पाठवली हे खात्रीने कळले पाहिजे.

सध्या जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये एक गुप्त शब्द ठेवलेला आहे. त्याच्या आधारे प्रत्येक नोंदीचा एचमॅक-एसएचए-२५६ (गुप्त शब्द आणि मजकूर मिसळून काढलेला ठसा, म्हणजेच नोंदीवरची सही) काढून तो विनंतीच्या हेडरमध्ये जातो आणि सर्व्हर, जो पायथनमध्ये आहे, तो पुन्हा काढून ताडून पाहतो. शब्द सर्व केंद्रांना एकच. गेल्या महिन्यात भाच्याने विचारले, "मामा, हा शब्द तर कुणालाही दिसतो की." माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हा हा शब्द, म्हणजेच किल्ली, एकच ठेवावी की प्रत्येक केंद्राला वेगळी द्यावी, ती ठेवावी कुठे आणि किती दिवसांनी बदलावी, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. आमचे एक हितचिंतक म्हणतात की एचटीटीपीएस असताना सहीची गरजच नाही. त्यावरही मत हवे आहे.

संकेश्वरी_मिरची

बेळगाव भागातल्या माणसाला किल्ली कमी पडण्याचे कारणच नाही. "आहे की", "दिलंय की", "दिसतो की" असे म्हणत आपण दिवसभर 'की' वाटतच असतो. भाच्याच्या एका वाक्यातही एक निघालीच.

दुसरे_गेट

मिरची यांचा विनोद बाजूला ठेवू, पण भाचेबुवांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. ब्राउझरकडे गेलेली जावास्क्रिप्टची फाइल ही सार्वजनिक वस्तू आहे. एफ-१२ दाबून 'सोर्सेस'मध्ये गेले की तुमचा शब्द समोर दिसतो, मग फाइल कितीही आवळून, नावे बदलून ठेवलेली असो. दाराला कुलूप घालून चावी त्याच कडीला लटकवावी, तसे हे झाले आहे.

हितचिंतकांच्या प्रश्नाचे उत्तर असे की एचटीटीपीएस टॅबलेट आणि सर्व्हर यांच्यामधली वाट सुरक्षित करते. वाटेत कुणी नोंद वाचली नाही आणि बदलली नाही, एवढी हमी त्यातून मिळते. टॅबलेटच्या बाजूला कोण बसले आहे हे एचटीटीपीएसच्या नेहमीच्या मांडणीत सर्व्हरला कळत नाही, कारण प्रमाणपत्र फक्त सर्व्हर दाखवतो. शिवाय ती हमी सर्व्हरच्या दारात संपते. चार महिन्यांनी डेटाबेसमधली एखादी ओळ समोर ठेवून "ही केंद्रानेच पाठवली होती" असे दाखवायचे असेल, तर एचटीटीपीएसचा उपयोग शून्य आहे. ते नोंदीवरच्या सहीनेच दाखवता येते.

निपाणीकरीण

मी निपाणी आणि चिकोडी भागातील पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरवर काम करते. एचमॅकला उगाच दोष लागू नये म्हणून थोडे लिहिते. दोन्ही टोकांना सर्व्हर असेल आणि दोन्ही ठिकाणी गुपित खरोखर गुप्त राहत असेल, तर एचमॅक उत्तम आहे. रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेकडून येणारी वेबहुकची, म्हणजे सर्व्हरकडून सर्व्हरला आपोआप जाणारी, सूचना एचमॅक-एसएचए-२५६ नेच तपासायची असते आणि तिथे त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. खानापूरकर यांच्याकडे एक टोक ब्राउझर आहे, अडचण तिथे आहे.

मात्र एचमॅक वापरतानाही लोक किल्ली म्हणून काय ठेवतात ते पाहिले तर हसावे की रडावे कळत नाही. एका संस्थेत संस्थेचे नाव आणि स्थापनेचे वर्ष जोडून 'किल्ली' केलेली मी स्वतः पाहिली आहे, आणि ते वर्ष तर दारावरच्या पाटीवर होते. किल्ली माणसाने सुचवायची नसते, यंत्राकडून घ्यायची असते. ओपनएसएसएलच्या 'रँड' आदेशाला ३२ बाइट मागा किंवा पायथनच्या 'सीक्रेट्स' मॉड्यूलकडून घ्या. एसएचए-२५६ चे फळ ३२ बाइटांचे असते आणि १९९७ च्या आरएफसी २१०४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातही किल्ली त्यापेक्षा आखूड नसावी असेच म्हटले आहे.

दुसरी गोष्ट. आलेली सही आणि काढलेली सही साध्या बरोबरच्या चिन्हाने ताडू नका. साधी तुलना पहिल्या न जुळणाऱ्या अक्षरापाशी थांबते आणि त्या थांबण्याच्या वेळेवरून सही अक्षराअक्षराने शोधण्याचा प्रयत्न करता येतो. पायथनमध्ये 'कंपेअर डायजेस्ट' त्यासाठीच आहे, पीएचपीमध्ये 'हॅश इक्वल्स'.

तिसरी आणि सर्वांत जास्त डोकेदुखीची गोष्ट म्हणजे सही नेहमी आलेल्या कच्च्या बाइटांवर तपासा. आमच्याकडे आलेला जेसन (माहिती पाठवण्याचा ठरलेला मजकुराचा साचा) आधी उलगडून, पुन्हा जेसन करून मग एचमॅक काढला जात होता. पायथन तसे करताना स्वल्पविरामानंतर आणि अपूर्णविरामानंतर (:) मोकळी जागा सोडते आणि देवनागरीची प्रत्येक खूण उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडे अशी लिहिते. ब्राउझर यातले काहीच करत नाही. मजकूर तोच, अर्थ तोच, बाइट निराळे, म्हणून सही चूक. खातेदाराचे नाव इंग्रजीत आणि बाकी सारे आकडे असले तरी त्या मोकळ्या जागांनी घोटाळा होतोच. दोन दिवस आम्ही बिचाऱ्या गेटवेला बोल लावत होतो.

मोडीवाचक

मी संगणकाच्या क्षेत्रातला नाही. शहापुरात राहतो, निवृत्तीनंतर मोडी कागद वाचतो आणि मुलीच्या नादाने हा धागा वाचत आहे. एक शंका आहे. गुप्त शब्द आणि मजकूर एकापुढे एक ठेवून त्याचा साधा हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा ठसा, काढला तर का चालत नाही? एचमॅकचा एवढा खटाटोप कशासाठी?

दुसरे_गेट

गुरुजी, प्रश्न अगदी वर्मावर आहे. एसएचए-२५६ ही हॅशची पद्धत मजकूर ६४ बाइटांच्या तुकड्यांनी गिळत जाते आणि शेवटी हातात येते ती तिची आतली स्थितीच असते. म्हणून ज्याला गुप्त शब्द माहीत नाही, पण मजकूर, त्याचा हॅश आणि शब्दाची लांबी माहीत आहे, तो त्या स्थितीपासून पुढे आणखी मजकूर गिळवू शकतो आणि लांबवलेल्या मजकुराचा अचूक हॅश मिळवू शकतो. २००९ मध्ये फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळाच्या एपीआयमधील (इतर प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या दारातील) सहीत हाच दोष दाखवून देण्यात आला होता. तिथे एमडी-५ ही दुसरी हॅशपद्धत होती, पण रचना तीच. एचमॅकमध्ये किल्ली आत एकदा मिसळतात आणि निघालेल्या हॅशभोवती पुन्हा एकदा, त्यामुळे बाहेरच्याला ते शेपूट जोडता येत नाही.

मोडीवाचक

आता नेमके समजले. शिवकालीन पत्रांत वर मुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथे 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तब असते. पत्राची मर्यादा इथे संपली, याखाली कुणी ओळ वाढवली तर ती आमची नव्हे, असा तिचा अर्थ. पेशवाईतल्या कागदांवर 'लेखनसीमा' उमटते, तिचेही काम तेच. नुसता वरचा शिक्का असलेल्या कागदाखाली कारकुनाने दोन ओळी वाढवल्या तर शिक्का खराच राहतो. 'शिक्कामोर्तब' या शब्दात दोन वस्तू आहेत आणि तुमच्या एचमॅकमध्येही किल्ली दोन वेळा लागते.

दुसरे_गेट

गुरुजी, ही उपमा मी उद्या ऑफिसात माझ्या नावावर खपवणार आहे, आधीच क्षमा मागतो.

उद्यमबागी

मला हे सगळे गरजेपेक्षा जास्त वाटते. उद्यमबागेतील फाउंड्रींना मी बिलिंगची प्रणाली देतो आणि तिथे प्रत्येक शाखेला एक वेगळी एचमॅकची किल्ली दिली आहे. शाखेचा संगणक पहिल्यांदा सुरू होताना ती एकदाच भरली जाते आणि फाइलमध्ये अजिबात नसते. एका शाखेची फुटली तर तेवढीच रद्द होते. त्रेचाळीस केंद्रांना त्रेचाळीस किल्ल्या द्या आणि विषय संपवा. सही करायला एक खासगी आणि तपासायला दुसरी सार्वजनिक, अशा किल्ल्यांच्या जोडीच्या भानगडीत दोन माणसांच्या संस्थेने पडू नये.

निपाणीकरीण

उद्यमबागी, तुमच्या शाखा आणि तुमचे मुख्य कार्यालय एकाच मालकाचे आहेत, त्यामुळे तुम्हाला ते पुरते. इथे केंद्र आणि सर्व्हर चालवणारे या दोन वेगळ्या बाजू आहेत आणि मध्ये पैसा आहे. एचमॅकची किल्ली दोघांकडेही असते. म्हणजे जी सही केंद्र करू शकते ती सर्व्हरही करू शकतो. उद्या केंद्राचा सेक्रेटरी म्हणाला की "मी ६.८ फॅट पाठवली होती, तुम्ही सर्व्हरवर ६.३ केली आणि पुन्हा सही काढली", तर खानापूरकरांकडे उत्तर काय?

खानापूरकर

हे वाचून अंगावर काटा आला, कारण असा वाद प्रत्यक्षात झालेला आहे. गेल्या पावसाळ्यात एका केंद्रावर म्हशीच्या दुधाच्या फॅटवरून बिलात फरक पडला आणि सेक्रेटरींनी सरळ मला फोन केला. त्यांच्या वहीत एक आकडा, माझ्याकडे दुसरा. मी प्रामाणिकपणे सांगितले की सर्व्हरवर कुणी हात लावलेला नाही. ते म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणून मानतो." शेवटी त्यांच्या मुलाने घाईत आकडा चुकीचा भरला होता असे निघाले, पण ते निघाले नसते तर माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हते. आणि खरे सांगायचे तर माझ्याकडे त्यांची किल्ली असल्यामुळे त्यांनी माझ्यावर विश्वास का ठेवावा, हेही मला सांगता आले नसते.

अथणीकर

मग उत्तर ठरलेच आहे. ज्या किल्लीने सही होते ती केंद्राच्या टॅबलेटवरच जन्मली पाहिजे आणि तिथून बाहेर पडता कामा नये. सर्व्हरकडे फक्त सार्वजनिक अर्धा जावा. त्याने सही तपासता येते, करता येत नाही. ही कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती आरएसएच्या रूपात प्रत्यक्षात आणली, म्हणजे यात काही नवखे राहिलेले नाही.

ब्राउझरमध्ये यासाठी वेब क्रिप्टो ही तयार सोय आहे. 'जनरेट की' ला ईसीडीएसए ही सहीची पद्धत आणि तिचा पी-२५६ हा वक्र सांगा आणि 'एक्स्ट्रॅक्टेबल' (बाहेर काढता येण्याजोगी) च्या जागी 'फॉल्स' द्या. मिळालेली खासगी किल्ली ही एक अपारदर्शक वस्तू असते. ती इंडेक्स्ड डीबीमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या आतल्या साठ्यात, तशीच ठेवता येते, तिच्याकडून सही करून घेता येते, पण तिच्या आतले आकडे तुमच्या स्वतःच्या जावास्क्रिप्टलाही वाचता येत नाहीत. ईडी२५५१९ ही सहीची दुसरी पद्धत अधिक सुटसुटीत आहे, पण जुन्या टॅबलेटवरच्या क्रोममध्ये ते मिळणार नाही, म्हणून पी-२५६ घ्या.

दोन सावधगिरी सांगतो. पहिली, हे फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर (त्याच यंत्रावरच्या पानावर) चालते. केंद्रातल्या राउटरवर साध्या एचटीटीपीने पान उघडून चाचणी घेतली तर वेब क्रिप्टोची 'सटल' नावाची वस्तूच सापडत नाही आणि माणूस तासभर चूक शोधत बसतो. दुसरी, किल्ली बाहेर नेता येत नाही याचा अर्थ तिचा गैरवापर होत नाही असा नव्हे. सभासदाच्या नावाच्या रकान्यातून कुणी स्क्रिप्ट घुसवली, तर ते पान उघडे असेपर्यंत तीही तुमच्या किल्लीकडून सह्या करून घेऊ शकते. म्हणून रकान्यातला मजकूर पानावर दाखवताना निर्धोक करणे आणि बाहेरच्या स्क्रिप्टना बंदी घालणारे सीएसपीचे हेडर लावणे, ही कामे सुटत नाहीत.

संकेश्वरी_मिरची

म्हणजे किल्ली घरातल्या लेकीसारखी आहे. सही करायला बोलवा, पण सासरी पाठवायची नाही.

खानापूरकर

अथणीकर यांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री करून पाहिले. किल्ली तयार झाली, सार्वजनिक अर्धा सर्व्हरवर पोहोचला, पण पायथनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीत एकही सही खरी ठरत नाही. मजकूर बाइट-बाइट करून जुळवला, तो तंतोतंत तोच आहे. सही ६४ बाइटांची येते आहे. रात्रीचा दीड वाजला आणि भाचा झोपला.

अथणीकर

भाच्याला झोपू द्या, चूक त्याची नाही. ईसीडीएसएची सही म्हणजे दोन मोठ्या संख्या असतात. वेब क्रिप्टो त्या ३२-३२ बाइटांच्या करून एकापुढे एक ठेवते, म्हणून ६४. पायथनची लायब्ररी मात्र त्याच दोन संख्या डीईआर नावाच्या वेष्टनात मागते, जे साधारण ७० ते ७२ बाइटांचे होते. ६४ बाइटांचे दोन तुकडे करा, प्रत्येकाची संख्या करा आणि 'एन्कोड डीएसएस सिग्नेचर' या फंक्शनला द्या. जे येईल ते तपासायला द्या.

खानापूरकर

झाले. पहिली खरी सही सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, आमच्याच घरच्या दीड लिटर दुधाची.

चिकोडी_रोड

अभिनंदन. आता वेळेचे बघा, कारण माझे हात तिथे पोळले आहेत. मी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे काम करत होतो. प्रत्येक विनंतीत वेळ घालून सही होत असे आणि पाच मिनिटांपेक्षा जुनी किंवा पुढची विनंती सर्व्हर नाकारत असे. हंगामाच्या पहिल्याच दिवशी सगळ्या विनंत्या नाकारल्या जाऊ लागल्या. काट्याच्या संगणकाने भिंतीवरच्या घड्याळाची वेळ घेतली होती आणि तिच्या शेवटी 'झेड' हे अक्षर लावले होते. त्या अक्षराचा अर्थ ही वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे असा होतो. त्यामुळे सर्व्हरला प्रत्येक वजन बरोबर १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास, भविष्यातले दिसत होते. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि चालक खाली उतरून काट्याच्या खिडकीशी येऊन उभे होते.

खरी चूक त्यानंतर झाली. घाईत कुणीतरी पाच मिनिटांची मुदत सहा तासांची करून टाकली. रांग हलली, सगळे खूश झाले आणि तो आकडा हंगाम संपेपर्यंत तसाच राहिला. म्हणजे एकदा पकडलेली सही केलेली विनंती सहा तास पुन्हा पुन्हा पाठवता आली असती. कुणी पाठवली नाही हे आमचे नशीब.

खानापूरकर

वेळेची मुदत आमच्याकडे वेगळ्याच कारणाने अवघड आहे. कणकुंबी आणि जांबोटी बाजूला पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही तासन्‌तास नसतात. सकाळी सातची नोंद कधी दुपारी दोनला सर्व्हरकडे येते. पाच मिनिटांची मुदत लावली तर अर्धा तालुका नाकारला जाईल. मुदत आठ तासांची केली तर चिकोडी_रोड यांची गोष्ट माझीही होईल.

चिकोडी_रोड

तुम्ही एकाच सहीकडून दोन कामे करून घेत आहात, ती वेगळी करा. दूध मोजले त्या क्षणी नोंदीवर सही करा आणि त्या सहीत मोजणीची वेळ, केंद्राचा क्रमांक आणि केंद्राचा स्वतःचा चढता अनुक्रमांक घाला. ही सही नोंदीसोबत कायमची राहील आणि तिला मुदत नसेल. नेटवर्क आल्यावर साठलेल्या नोंदींचा गठ्ठा पाठवताना त्या पाठवणीवर दुसरी सही करा, त्यात पाठवणीची वेळ घाला आणि मुदत फक्त हिला लावा. तीच नोंद दोनदा आली तर केंद्र आणि अनुक्रमांक जुळल्यामुळे सर्व्हर दुसरी प्रत शांतपणे सोडून देईल.

अनुक्रमांकाचा आणखी एक फायदा आहे. पावतीपुस्तकातले पान फाडले की क्रमांक तुटतो, तसेच ४११ नंतर ४१३ आली तर ४१२ कुठे गेली हे विचारता येते. नुसती सही असलेली नोंद खरी आहे एवढे सांगते, गाळलेल्या नोंदीबद्दल ती गप्प असते.

दुसरे_गेट

यात एक भर घालतो. पाठवणीच्या सहीत फक्त मजकूर घेऊ नका. कोणत्या पत्त्याकडे आणि कोणत्या पद्धतीने विनंती जात आहे तेही सहीच्या आत घ्या, नाहीतर 'नोंद करा' या पत्त्यासाठी केलेली सही 'नोंद रद्द करा' या पत्त्याकडे वळवता येते. विनंतीचे कोणकोणते भाग सहीत घ्यावेत आणि ते कसे लिहावेत यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये आरएफसी ९४२१ आली आहे. ती संपूर्ण अमलात आणली नाही तरी एकदा वाचून घ्या, स्वतःची पद्धत बनवताना काय काय सुटते ते तिच्यातून कळते.

नवा_सभासद

जेडब्ल्यूटी (सही केलेले तयार टोकन) का वापरत नाही? त्यात सही तयारच मिळते.

दुसरे_गेट

वापरता येईल, पण कोणत्या पद्धतीची सही आहे हे टोकनलाच विचारायचे नाही. टोकनच्या डोक्यावर 'अल्ग' (सहीची पद्धत) नावाचा रकाना असतो आणि त्यात 'नन' (कोणतीच नाही) लिहिले की काही लायब्ररी सही न तपासताच टोकन खरे मानत असत. दुसऱ्या प्रकारात आरएसएची सार्वजनिक किल्ली हीच एचमॅकची गुप्त किल्ली समजून सही केली जाई आणि सर्व्हर फसत असे. हे दोष २०१५ मध्ये चव्हाट्यावर आले. सर्व्हरने आपल्या बाजूला एकच पद्धत पक्की करून ठेवावी.

निपाणीकरीण

सीमाभागाची एक खास अडचण अजून कुणी लिहिली नाही. आमच्या प्रणालीत खातेदाराचे नाव मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिपींत असते आणि काही ठरावीक लोकांच्याच सह्या चुकत होत्या. यादी काढली तर मराठीत 'कुऱ्हाडे' आणि कन्नडमध्ये ज्यांच्या गावाचे नाव 'गोकाक' होते ती मंडळी निघाली. आम्हाला वाटले, माणसांतच काही साम्य आहे.

साम्य युनिकोडमध्ये होते. 'कुऱ्हाडे'मधला 'ऱ' एका खुणेने लिहिता येतो किंवा 'र' आणि खालचा नुक्ता अशा दोन खुणांनी. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत पहिला तीन बाइटांचा आणि दुसरा सहा. मराठी 'गो'ची मात्रा एकच खूण आहे, तिचे तुकडे होत नाहीत. कन्नडमधली दीर्घ 'ओ'ची मात्रा मात्र तीन खुणांत सुटी होते, म्हणजे तीन बाइटांचे नऊ. आमच्या सर्व्हरवर शोध सोपा व्हावा म्हणून आलेला मजकूर आधीच सुटा करणारा एक थर होता आणि सहीची तपासणी त्या थराच्या नंतर होत होती. पडद्यावर नाव हुबेहूब तेच दिसते, त्यामुळे डोळ्यांनी काही सापडत नाही. बाइट षोडशमान (हेक्स) आकड्यांत छापून शेजारी ठेवले तेव्हा कुठे दिसले.

उपाय साधा आहे. तपासणी सर्वांत आधी, कच्च्या बाइटांवर. मजकूर एकसारखा करायचाच असेल तर टॅबलेटवर, सही करण्यापूर्वी, एकदाच एनएफसी (सुट्या खुणा जोडून ठेवणाऱ्या) रूपात करून घ्या.

मोडीवाचक

ज्या 'ऱ्ह'साठी आम्ही मुलांच्या वह्या लाल केल्या, तो अखेर यंत्रालाही सतावतो हे वाचून मन निवाले.

उद्यमबागी

एवढे वाचल्यावर किल्लीच्या जोडीबद्दलचा माझा विरोध मी मागे घेतो, निदान दूध केंद्रांपुरता. फाउंड्रीचे मात्र जसे आहे तसेच ठेवणार. पण मूळ प्रश्नातला एक भाग तसाच राहिला आहे. किल्ली किती दिवसांनी बदलायची? आम्ही दर तीन महिन्यांनी बदलतो.

दुसरे_गेट

दर तीन महिन्यांनी त्रेचाळीस गावे फिरायची तर खानापूरकरांना दुसरा व्यवसायच उरणार नाही. माझे मत असे की बदलण्याचा दिवस ठरवण्यापेक्षा बदलता येण्याची सोय आधी करा. प्रत्येक किल्लीला एक ओळखक्रमांक द्या आणि तो प्रत्येक सहीसोबत पाठवा. सर्व्हरवर एका केंद्राच्या दोन किल्ल्या एकाच वेळी चालू राहू शकतील अशी रचना ठेवा, म्हणजे नवी रुजेपर्यंत जुनी चालते. टॅबलेट हरवला, सेक्रेटरी बदलले, संशय आला, की त्याच दिवशी बदला. जुनी सार्वजनिक किल्ली मात्र पुसू नका, तिच्यावर 'अमुक तारखेपर्यंत' असा शेरा मारा, नाहीतर मागच्या वर्षीच्या सह्या तपासायला काहीच उरणार नाही.

आणि तो जुना एचमॅकचा शब्द गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) गेला असेल तर पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे पुढच्या नोंदवलेल्या बदलात, तो खोडून उपयोग नाही, इतिहासात तो तसाच राहतो. आमच्याकडे एकाने खोडला आणि 'काढून टाकला' असा संदेशही लिहिला, त्यामुळे शोधणाऱ्याची सोयच झाली. तो शब्द मेला असे समजून बाद करा.

अथणीकर

नोंदणीचेही लिहा. सार्वजनिक किल्ली सर्व्हरकडे आली, पण ती जांबोटीच्या केंद्राचीच आहे हे कशावरून? ते पहिले पाऊल कच्चे असेल तर पुढच्या सगळ्या सह्या पक्क्या असूनही दुसऱ्याच कुणाच्या असतील.

खानापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. आतापर्यंत जे केले ते लिहितो. नोंदणीसाठी मी किंवा भाचा स्वतः केंद्रावर जातो. सर्व्हर दहा मिनिटे चालणारा एक सहा आकडी संकेत देतो, तो सेक्रेटरींसमोर टॅबलेटवर भरला जातो आणि त्याच वेळी किल्लीची जोडी तयार होऊन सार्वजनिक अर्धा त्या केंद्राच्या नावावर चढतो. त्या किल्लीच्या हॅशचे पहिले काही आकडे सेक्रेटरी आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतात. नोंदीची सही वेगळी आणि पाठवणीची वेगळी केली आहे. नावे टॅबलेटवरच एनएफसी होतात. अकरा केंद्रे झाली, बत्तीस राहिली.

पण पहिला धक्काही बसला. एका केंद्रावर सेक्रेटरींच्या नातवाला खेळ उतरवायचा होता आणि जागा नव्हती, म्हणून त्याने क्रोमचा सगळा डेटा पुसला. किल्ली गेली. नेटवर्क नसल्यामुळे पाठवायच्या राहिलेल्या सतरा नोंदीही इंडेक्स्ड डीबीमध्येच होत्या, त्याही गेल्या. 'स्टोरेज पर्सिस्ट' मागितलेले होते, पण ते ब्राउझरने स्वतःहून पुसू नये यासाठी असते, नातवासाठी नाही.

संकेश्वरी_मिरची

सगळ्या हल्ल्यांचा विचार झाला होता, घरच्यांचा तेवढा राहिला.

चिकोडी_रोड

टॅबलेटला एकाच पानापुरता बांधून ठेवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे, ती पिनसह लावा. त्या सतरा नोंदी कशा भरणार आहात?

खानापूरकर

सेक्रेटरींच्या वहीत सगळ्या आहेत. त्यामुळे नवी किल्ली तयार करून, वहीतली सकाळची वेळ टाकून भराव्यात असा विचार होता.

निपाणीकरीण

तसे करू नका, दादा. ती सही सकाळी सातला झालेली नाही आणि नवी किल्ली तेव्हा जन्मलेलीही नव्हती. फॅटवरून उद्या पुन्हा वाद झाला तर हीच विसंगती तुमच्याविरुद्ध दाखवली जाईल. सहीची वेळ आजचीच ठेवा, मोजणीची वेळ 'वहीवरून' म्हणून वेगळ्या रकान्यात घ्या आणि नोंदीवर 'उशिरा भरलेली' अशी खूण असू द्या. जुनी किल्ली ज्या अनुक्रमांकावर थांबली तोही शेऱ्यात लिहा.

खानापूरकर

बरोबर आहे, अक्का. आज रात्रीच ते दोन रकाने वाढवतो. सेक्रेटरींनी वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला आहे. सतरा ओळी आहेत, एक फॅट खोडून पुन्हा लिहिलेली आहे आणि शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून त्यांनी पेन्सिलीने सही केली आहे.